स्वल्प सोस

रविवार, १२ जानेवारी

पहिली आली ती मुलगी. मुलगा मागनं आला, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून पार रामाच्या देवळापाशी लावून, घाम पुसत. मुलीचं नाव भार्गवी, मुलाचं निहार. दोघं पुण्याची, इथं कंप्युटरच्या कंपनीत. नवरा-बायको नव्हेत. मी दारातच विचारून घेतलं. "फक्त मित्र, आजी," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं. आजकाल असतं तसं.

ही दोघं आठवडाभर नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमावर बोलतात. नुसतं बोलतात, त्याची फिल्म काढतात, आणि ती फोनवर हजारो लोक बघतात. म्हणजे सिनेमा बघायचा सोडून सिनेमावर बोलणाऱ्याला बघतात! पण माझ्या वासूनं तरी आयुष्यभर दुसरं काय केलं? तो लिहायचा, ही बोलतात, एवढाच फरक. वासूला आता साठ पुरी होतील, म्हणून त्याच्यावरच फिल्म काढायची आहे त्यांना. तिला नाव काय दिलंय, तर "शेवटचा समीक्षक". मी म्हटलं, अरे शेवटचा कशाला, काही बरं बोला.

वासू निळा झब्बा घालून पुस्तकांच्या कपाटापुढं बसला. माझ्या टीव्हीवर चादर टाकली. निहारनं नाही, वासूनंच सांगितलं, "तो डबा फ्रेममध्ये येता कामा नये." ग्रहणात देव झाकतात तसा माझा टीव्ही झाकला. हे मला आवडलं नाही, पण आलेल्या माणसांसमोर कुठं बोलायचं.

मग वासू बोलला. काय बोलला! "सिनेमा म्हणजे विहीर. वाकून बघावं लागतं, तेव्हा आपलं तोंड खोलवर दिसतं. टीव्ही म्हणजे चालू राहिलेला नळ." पोरांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण बंगळुरात राहून नळाला नावं ठेवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. परवा टँकर आला तेव्हा कुठं आमची भांडी घासून झाली.

सुनंदानं उप्पिट आणि कॉफी दिली. सुनंदा म्हणजे सून. भार्गवी तिला म्हणाली, "वहिनी, तुम्ही पण बसा ना सरांच्या शेजारी." सुनंदा म्हणाली, "माझं आत काम आहे." काम म्हणजे टायपिंग. ते बाहेर सांगायचं नाही. वहीत लिहिलं तर चालेल. ही वही औषधवाल्या नागराजनं फुकट दिलेली, पानापानावर कानडीतनं साखरेच्या आजाराचं काहीबाही छापलंय. माझी नात मुग्धा पुण्याला असते. ती म्हणाली, आजी, रोज चार ओळी लिही, डोकं चालू राहतं. तिसरी शिकलेय मी, निपाणीला. जोडाक्षरं चुकतात. डोकं मात्र चालू आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. यल्लव्वा केरवारे करायला आली ती नवं लुगडं नेसून, एळ्ळू-बेल्लाची पुडी घेऊन. इथं तिळगूळ असा सुटा देतात, शेंगदाणे-खोबरं घालून. दातांना बरा पडतो. मी तिला लाडू दिला, तिनं तो कमरेला बांधला, नातवाला.

आता ते टायपिंगचं लिहूनच टाकते, नाहीतर माझं पोट फुगेल.

साडेआठची तुळसाबाईची मालिका आहे ना, अख्खा महाराष्ट्र बघतो ती, ती आमच्या घरात लिहितात. आमच्या या राजाजीनगरच्या घरात! चार वर्षांमागं वासूच्या पेपरनं रविवारची पुरवणी बंद केली, त्याचं सिनेमाचं सदर गेलं. तो महिनाभर खिडकीत बसून होता. मग मुंबईहून कृष्णातचा फोन आला, हा मालिकेच्या कंपनीतला, मिरजेचा, सुनंदाच्या माहेरच्या गल्लीतला. तेव्हापासनं सुरू झालं. वासूची अट एकच, कुणाला कळता कामा नये. बरोबरच आहे. चाळीस वर्षं ज्या नळाला शिव्या घातल्या त्याच्याखाली घागर लावलेली कशी दिसेल?

वासू सांगतो, सुनंदा टाइप करते. म्हणजे तो सांगताना मी बघितलेला नाही. कलावंत लोक असं समोर नाही करत. सुनंदा पहाटे चारला उठून ओट्यापाशी बसते तेव्हा वासू झोपलेला असतो. आदल्या दिवशी सांगितलेलं लक्षात ठेवून टाइप करत असणार. तिची लक्षात ठेवायची शक्ती दांडगी आहे. कृष्णातचा फोनही तिलाच येतो, वासू असल्या लोकांशी बोलत नाही. आणि मालिकेच्या शेवटी नावं धावतात ना खालनं वर, त्यात मी एकदा बरोबर पकडलं. "संवाद : सु. वा." मला आधी कळेना. मग कळलं आणि मी एकटीच हसले. वासु उलटं केलं की सुवा! पोरगा लहानपणापासनं असलाच खोडकर.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज दुपारी गौरीच्या जेवणाचा जुना भाग परत दाखवला. मी भाद्रपदात बघितला होता, तरी पुन्हा बघितला. यल्लव्वा केरसुणी हातात धरून दारात उभी राहून बघत होती. तिला मराठी निम्मं कळतं, पण रडायचं कुठं ते बरोबर कळतं.

त्यात काय आहे, तर तुळसाबाईच्या घरी गौरी जेवायच्या आहेत, सवाष्णी यायच्या आहेत. सून मालन पुरण वाटत बसलीय, गुणगुणतेय. मागल्या दारी निरोप येतो, मालनचा बाप गेला. तुळसाबाई ऐकून घेते, दार लावते, पदर खोचते आणि येऊन म्हणते, "मऊ वाट गं, कणी राहू देऊ नकोस." सांगत नाही. सांगितलं तर लेकीला तीन दिवसांचं सुतक, पुरणाला हात लावता येणार नाही, गौरी उपाशी, सवाष्णी उपाशी. सगळ्या जेवतात, विडे घेतात, जातात. मग सांगते. मालन उठून मिरजेला, म्हणजे मालिकेत दुसरं गाव आहे, जायला निघते तर शेवटची गाडी गेलेली. तुळसाबाई तिच्या डोक्यावर हात ठेवते, "स्वल्प सोस. सोसलं की माणूस मुरतं."

हे आमच्याच घरातलं! सुनंदाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. नागराजच्या बापाच्या दुकानात फोन आला, त्यानं मला परसात येऊन सांगितलं. अकरा सवाष्णी यायच्या होत्या. मी काय करणार? मी नेमकं तेच केलं जे तुळसाबाईनं केलं. आणि सुनंदाला तेच म्हटलं. ते माझंच वाक्य आहे, नव्या सुनेला मी रोज म्हणायची. इथं कानडी मुलखात येऊन जीभ अशी झाली, थोडं म्हणायच्या जागी स्वल्प येतं. आता अख्खा महाराष्ट्र म्हणतो. मुग्धा सांगत होती, पुण्यात कपांवर छापलंय.

आणि वासूचं कौतुक कशाचं, तर तो त्या दिवशी घरात नव्हताच. दिल्लीला सिनेमाच्या शिबिराला होता. तरी पुरणयंत्राचा दांडा ढिला होता आणि सुनंदा तो डाव्या पायानं दाबून धरायची, तेसुद्धा बरोबर आलंय. याला म्हणतात प्रतिभा.

यल्लव्वा म्हणते तुळसाबाई राक्षसीण. मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

रविवार, १९ जानेवारी

आज घडू नये ते घडलं, म्हणजे चांगलंच घडलं. सविस्तर लिहिते.

निहार आधी आला, भार्गवी नंतर. वासूची मुलाखत सुरू झाली. वासू विहिरीचं पुन्हा सांगत होता. निहार माझ्याजवळ खाली बसून वायरी जोडत होता, त्याच्या बोटाला काहीतरी चावलं, वीज असेल. "आई गं!" ओरडला. मी सवयीनं म्हटलं, "स्वल्प सोस."

भार्गवीनं गर्रकन मान वळवली. "आजी, तुम्ही पण बघता तुळसाबाई?"

मी म्हटलं, "न बघायला काय झालं? रोज बघते."

"सर," ती वासूकडं वळून म्हणाली, "खरं सांगू? रागावू नका. गेल्या वर्षी मी बघितलेली सगळ्यात भारी गोष्ट कुठल्याच फेस्टिव्हलमध्ये नव्हती. त्या सीरियलचा गौरीचा एपिसोड. कॅमेरा बाप मेल्याची बातमी दाखवतच नाही, पुरणावरच राहतो. मी बंगळुरूच्या पीजीमध्ये बसून रडले."

वासूनं तोंड वाकडं केलं. "भार्गवी, रडणं हा निकष नाही. कांदाही रडवतो."

"नाही सर, ऐका ना. सिनेमाला दोन तास मिळतात, माणूस बदलतो हे दाखवायला. सीरियलला चार-चार वर्षं मिळतात, आणि बाकीच्या सीरियलमधल्या सासवा त्यात आठ वेळा वाईटाच्या चांगल्या होतात. ही तुळसाबाई बदलतच नाही. चार वर्षं! एवढं धाडस कुठल्या सिनेमात आहे सांगा."

मी म्हटलं, "का बदलावं तिनं? तिचं काय चुकलंय?"

पोरं हसली. निहार म्हणाला, "आजी कमाल आहेत." मग तो थांबला. "एक मिनिट. ती सीरियल कोल्हापूरकडची दाखवलीय. तिकडं स्वल्प कोण म्हणतं? स्वल्प तर आम्ही इथल्या ऑटोवाल्याकडनं शिकलो."

आता यावर मी काय तोंडाला कुलूप लावू? मी सांगून टाकलं. गौरीचं, परसातल्या निरोपाचं, सगळं. हे आमच्या घरातलं आहे, आणि लिहितो माझा वासू. पुरावा म्हणून सुवा उलटं करून दाखवलं.

वासूचा चेहरा पडला. "आई काहीही बोलते," म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता. मला वाटलं आता पोरं गेल्यावर माझी काही धडगत नाही.

पण पोरं अशी खूश झाली! निहारनं मांडीवर थाप मारली, "सुवा! सर, तुम्ही कोण आहात!" भार्गवीच्या डोळ्यांत पाणी. "सर, चाळीस वर्षं टीव्हीवर टीका करणारा माणूस आतून टीव्ही बदलतोय, आणि एका शब्दानं बोलत नाही. आपल्या फिल्मची गोष्टच बदलली. शेवटचा कसला, पहिला समीक्षक!"

सुनंदा तेव्हाच कॉफीचा ट्रे घेऊन दारात आली होती. वासूनं तिच्याकडं बघितलं. तिनं वासूकडं बघितलं.

वासूनं चष्मा घातला. म्हणाला, "आता कळलंच आहे तर... हो. करतो प्रयोग."

सुनंदानं ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "साखर कुणाला कमी?"

निहारनं उठून टीव्हीवरची चादर काढली. मला इतकं बरं वाटलं.

सोमवार, २० जानेवारी

वासू माझ्यावर रागावला नाही. उलट सकाळी सातलाच उठला आणि दाढी केली.

सुनंदा भाजी निवडत होती. एकदम म्हणाली, "आई, त्या गौरीच्या दिवशी हे घरी होते का हो?"

"कुठला? दिल्लीला नव्हता का!"

"मग त्यांना ते पुरणाचं कसं कळलं?"

"तूच सांगितलं असशील."

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी कधी विचारलंच नाही." मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि म्हणाली, "बाप गेलेला असताना मी गाणं म्हणत होते, आई. हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं."

"गुणगुणत होतीस, गाणं कुठं," मी म्हटलं. तिला गाता येत नाही, उगीच कशाला.

ती हसली. हसली म्हणजे मनावर घेतलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

दुपारी मी पडले होते, दोघांना वाटलं झोपलेय. पलीकडं बोलणं चाललं होतं.

"मी सांगणार होतो गं. पण तू बघितलंस ना त्यांचे चेहरे? मला या चार वर्षांत कुणी तसं बघितलं नव्हतं."

"मला कुणी कधीच बघितलं नाही."

"नाव तर तूच लपवलंस."

"तुमच्यासाठी. लोक काय म्हणतील, समीक्षकाची बायको मालिका लिहिते. तुमचं वाक्य आहे. आता लोक वाहवा म्हणतात, तर मालिका तुमची?"

"फिल्म होऊ दे. नंतर हळूहळू सांगू की दोघं मिळून लिहितो."

"दोघं?"

मग वासू म्हणाला, "सुनंदा, स्वल्प सोस."

हुबेहूब माझा आवाज! मला उठून त्याची दृष्ट काढावीशी वाटली. एवढा शिकलेला माणूस, पण अडचणीला आईचंच वाक्य तोंडात येतं.

कशावरनं भांडत होते ते नीट कळलं नाही. टायपिंग करणाऱ्याचंही नाव पाहिजे असं असेल तिचं. मला वाटतं द्यावं. बारीक अक्षरात.

मंगळवार, २८ जानेवारी

फिल्म आली! निहारनं पाठवली, मी फोनवर बघितली. वासू दिसतो काय, एखाद्या जहागीरदारासारखा. मीही आहे, सुवा उलटं करताना. खाली लोकांनी लिहिलंय, आजी गोड, आजी भारी. एकानं लिहिलंय, "हीच खरी तुळसाबाई". मुग्धाला फोनवर वाचून दाखवायला लावलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "आजी, आईला फोन दे." सुनंदा फोन घेऊन गच्चीवर गेली, पुष्कळ वेळानं खाली आली.

घरात फोन थांबत नाहीत. ज्या पेपरनं वासूचं सदर बंद केलं त्यांनीच लेख मागितला. वासू सांगत होता फोनवर, मी ऐकलं, "अहो, नळाचं पाणी तरी येतं कुठून? विहिरीतूनच ना?" म्हणजे विहीरही त्याची आणि नळही त्याचाच. हुशार.

कृष्णातचा मुंबईहून फोन आला तो मीच घेतला. मी म्हटलं, बघितलीस का फिल्म? तो म्हणाला, "बघितली, काकू." आणि मग म्हणाला, "वहिनी ठीक आहेत ना?" मी म्हटलं, तिला काय धाड भरलीय?

शनिवार, १ फेब्रुवारी

सुनंदा इथंच, बसवनगुडीला गेली. तिची मैत्रीण पवित्रा आहे तिथं, शाळेत बाई आहे, तिच्या माडीवर एक खोली रिकामी आहे म्हणे. मी म्हटलं, किती दिवस? ती म्हणाली, "बघू." दोन पिशव्या आणि तो टायपिंगचा कंप्युटर. तो कशाला नेला, वासूला लागतो तर! पण वासू खिडकीत उभा होता पाठ करून.

जाताना माझ्या पाया पडली. रीत सोडत नाही, एवढं आहे तिचं. मी म्हटलं, "तुझ्या टायपिंगचं मी वासूशी बोलते." ती म्हणाली, "आई, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. तुमचा एकही शब्द मी वाया जाऊ दिला नाही."

बघा, किती गोड बोलली. तीस वर्षांत पहिल्यांदा उपकार म्हणाली. यल्लव्वा मात्र पायरीवर बसून रडत होती, मूर्ख.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आजचा भाग लिहून ठेवते. असा भाग झाला नाही.

मालन घर सोडते. भांडण नाही, रडारड नाही, मागं संगीतसुद्धा नाही. सकाळी उठते, दूध तापवते, झाकण ठेवते, गॅस बंद करते, चपला घालते आणि जाते. बस्स. आणि तुळसाबाई बाहेर झोपाळ्यावर बसून बोलतेय. आत आहे असं समजून बोलतेय. डाळीला फोडणी दे, परवा आत्या येणार आहेत, तुझ्या बापाच्या घरी नसेल अशी रीत पण आमच्यात आहे. बोलतेय, बोलतेय. कॅमेरा आत रिकाम्या ओट्यावर. दुधावर साय धरते तेवढी दिसते. तुळसाबाई हाक मारते, "मालन, कॉफी!" पुन्हा मारते. आणि भाग संपतो.

मी हसून हसून बेजार. कळत कसं नाही बाईला, घर रिकामं आहे ते!

सिनेमात हे जमलं नसतं. सिनेमातली माणसं जावयासारखी, दोन तास येतात, मानपान घेतात, जातात. मालिकेतलं माणूस रोजचं, म्हणून ते गेलं की घरात पोकळी होते. हे मी वासूला सांगितलं, तुझ्या लेखात घाल म्हटलं. त्यानं आज माझ्या शेजारी बसून मालिका बघितली, जन्मात पहिल्यांदा. संपल्यावर शेवटी नावं धावली तरी तो तिथंच बघत होता. "संवाद : सुनंदा वासुदेव," त्यानं मोठ्यानं वाचलं.

मी म्हटलं, "अय्या, दिलंस की तिचं नाव! बरं केलंस."

वासू उठून गेला. रात्री जेवला नाही. स्वतःचं नाव काढून बायकोचं घालायचं म्हणजे लागणारच की मनाला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मालिकेचं काही खरं नाही. तुळसाबाई एका आठवड्यात छापील झाली. काल म्हणते, "मला माझी चूक उमगली." उमगली! आमच्या निपाणीत उमगली कोण म्हणतं? आणि देवापुढं रडली. यल्लव्वाही जांभई देऊन गेली. आज तर स्वल्पच्या जागी "थोडं सहन कर" म्हणाली, मी टीव्हीच बंद केला.

वासूला विचारलं, का रे असं लिहितोस? तो म्हणाला, "मी नाही लिहीत."

"मग कोण?"

"कुणीतरी नवा. मुंबईतला."

"आणि तू?"

तो म्हणाला, "आई, मला एकटं बसू दे."

कृष्णातला फोन केला. तो म्हणाला, "काकू, वहिनी आता दुसऱ्या वाहिनीकडं नवी मालिका करतायत." म्हणजे बघा, नवऱ्याचं टायपिंग सोडून परक्याचं टायपिंग. मी स्पष्ट म्हटलं, हे बरं नव्हे. तो म्हणाला, "काकू, त्या मालिकेत सासूच नाहीये." मग ती कशी चालणार?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. निहारचा फोन आला. पोरांना फिल्मचा दुसरा भाग काढायचा आहे. वासू टेबलाशी बसून मालिकेचा भाग लिहितोय असं दाखवायचं. आणि गौरीचा प्रसंग मूळ जागी, आमच्याच ओट्यापाशी, आमच्याच पुरणयंत्रावर. मी आणि वासू सोफ्यावर बोलत असू आणि मधनं मधनं पुरण दिसेल. "आजी, वहिनींचे फक्त हात हवेत," निहार म्हणाला, "क्लोजअप."

वासूनं सकाळपासनं कागद पुढं घेतलाय. सराव म्हणून. मला विचारलं, "आई, तुळसाबाई इथं काय म्हणेल?" मी सांगितलं. त्यानं लिहिलं, वाचलं. माझंच बोलणं, पण त्याच्या तोंडनं ऐकलं तर कुण्या भाषणातलं वाटलं. त्यानं कागद चुरगळला. मी म्हटलं, असू दे, फोटोत अक्षर कुठं दिसतंय.

मग मी पवित्राच्या फोनवर सुनंदाला गाठलं. सगळं सांगितलं. म्हटलं, "तासाभराचं काम आहे. मेट्रोनं येशील, जाशील. तोंड दाखवणार नाहीत, फक्त हात."

पलीकडनं हसू ऐकू आलं, अगदी हलकं.

"आई," ती म्हणाली, "स्वल्प सोसा."

आणि ठेवला. येते म्हणाली नाही, येत नाहीही म्हणाली नाही. यल्लव्वा भांडी पालथी घालत होती, ती म्हणाली, "अक्का बरोदिल्ला, अज्जी," म्हणजे अक्का येत नाहीत आता. तिला काय कळतंय. माझं वाक्य माझ्याच सुनेच्या तोंडी किती शोभून दिसलं! माया असल्याशिवाय माणूस दुसऱ्याचं वाक्य बोलत नाही.

हरभऱ्याची डाळ आणून ठेवलीय, गूळही. पुरणयंत्र माळ्यावरनं काढलं. दांडा अजून ढिलाच आहे, धरायला कुणीतरी पाहिजे. मघाशी सवयीनं हाक मारली, सुनंदा, कॉफी. मग पुन्हा एकदा मारली. मग माझं मलाच हसू आलं.

वासू खिडकीत बसलाय. त्याचा निळा झब्बा धुवायला हवा, तो कोण धुणार ते बघते. पोरं परवा येतो म्हणालीत, रविवारी, सोळा तारखेला, सकाळी अकराला.